देवघरातली तीन दांड्यांची विलायती तलवार (अमळनेर) – बनवणारा कोण, काळ कोणता?

बोरीकाठचा (धागाकर्ता)

रामराम मंडळी. घरातल्या एका तलवारीबद्दल विचारायचं आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण नेमकं काय महत्त्वाचं ते मला कळत नाही.

अमळनेर तालुक्यात आमचं धाब्याचं जुनं घर आहे. भिंती खचल्या म्हणून या उन्हाळ्यात उतरवायला काढलं. सामान हलवताना देवघराच्या खुंटीवरची तलवार पहिल्यांदा नीट माझ्या हातात आली. लहानपणापासून पाहतोय, पण फक्त खंडेनवमीला, तीही हळदीकुंकवात न्हालेली. पोरांनी हात लावायचा नाही असा दंडक होता.

घरात सांगतात की १८१८ साली थाळनेरच्या किल्ल्यावर इंग्रजांशी लढाई झाली, तेव्हा आमच्या खापरपणजोबांनी ती एका साहेबाच्या हातून हिसकावली. माझे चुलत आजोबा, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, वय ८७, ही गोष्ट आजही डोळे मिटून सांगतात.

तलवार अशी आहे: पातं साडेचौतीस इंच, किंचित वाकडं, दोन्ही अंगांना पन्हळीसारखी रुंद खाच. मूठ पोलादी. परजेच्या, म्हणजे हात वाचवणाऱ्या आडोशाच्या, बाहेरच्या अंगाला एकातून एक फुटलेल्या तीन दांड्या आहेत. पकडायच्या जागी काळं कातडं, त्यावर बारीक चौकटी कोरलेल्या. म्यान लोखंडी, दोन कड्यांचं, तळाशी ठेचलेलं. पात्यावर पूर्वी नक्षी होती असं वाटतं. तिरक्या उजेडात मुकुट आणि त्याखाली ‘व्ही’ आणि ‘आर’ अशी एकमेकांत गुंतलेली इंग्रजी अक्षरं दिसतात. मुठीजवळ काही मजकूर होता, तो पार घासला गेलाय. मात्र पात्याच्या पाठीवर, अगदी मुठीला लागून, ठशाने मारलेलं एक नाव आहे: ‘रीव्हज्’. नंबर कुठेही नाही.

दोन मोठ्या कंपन्यांची नावं माहीत होती, हे कधी ऐकलं नव्हतं. कोण हा रीव्हज्? आणि थाळनेरची गोष्ट जुळते का?

जुनं_लोखंड

बोरीकाठचा, उत्तम वर्णन केलंत. निम्मे लोक फक्त ‘जुनी तलवार, किंमत सांगा’ एवढंच लिहितात.

उत्तर देण्याआधी एक गोष्ट बघून सांगा. मूठ उभी धरा आणि कातड्याच्या कडेने बोट फिरवा. कातडं मुठीला गोल गुंडाळलंय, की दोन बाजूंना दोन वेगळ्या पट्ट्या आहेत आणि त्यांच्या मधून पोलादाची कड उघडी दिसतेय? खिळे दिसतात का?

बोरीकाठचा

दोन वेगळ्या पट्ट्या आहेत. मधून पोलाद दिसतं, वरूनही आणि बोटांच्या बाजूनेही. खिळ्यांची गोल डोकी दोन्ही अंगांना घासून सपाट केलेली आहेत. मी तो दागदुजीचा प्रकार समजत होतो.

जुनं_लोखंड

नाही, ती दागदुजी नाही. तुमच्या तलवारीतली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे. आता सावकाश सांगतो.

कोणत्याही तलवारीचं पातं मुठीच्या आत जातं. आपल्या देशी तलवारीत पात्याची आखूड शेपटी मुठीच्या पोकळीत बसवून वर लाख ओततात. म्हणून जुनी तलवार उन्हात राहिली की मूठ हलायला लागते. विलायती तलवारीत ही शेपटी लांब पण बारीक असायची, लाकडी मुठीतून आरपार जाऊन वरच्या टोकाला ठोकून पक्की केलेली. लाकडावर माशाचं खरखरीत कातडं आणि त्यावर तार. दिसायला सुंदर, पण जोराचा घाव बसला की ती बारीक शेपटी नेमकी मुठीच्या तोंडाशी मोडायची. अधिकाऱ्याच्या हातात मूठ आणि पातं जमिनीवर.

बर्मिंगहॅमच्या चार्ल्स रीव्हज् या कारागिराने १८५३ मध्ये यावर पेटंट घेतलं. त्याने शेपटी बारीक केलीच नाही. मूठ जेवढी रुंद, तेवढंच रुंद पोलाद शेवटपर्यंत नेलं आणि दोन्ही अंगांना कातड्याच्या पट्ट्या खिळ्यांनी जडवल्या. आपल्या घरातल्या चांगल्या सुरीची मूठ आठवा, तसंच. त्याच वर्षी इंग्रज घोडदळातल्या साध्या स्वारांसाठी जो नवा नमुना आला, त्यातही मूठ अशीच होती. लंडनच्या विल्किन्सनने हीच मूठ ‘पेटंट’ म्हणून आपल्या भारी तलवारींना लावून विकली. गिऱ्हाइकाला विल्किन्सन कळला, रीव्हज् मागेच राहिला.

त्याचं कारणही समजून घ्या. इंग्रज अधिकारी तलवार स्वतःच्या पैशाने घ्यायचा. तो जायचा शिंप्याकडे किंवा लष्करी सामानाच्या दुकानात. दुकानदार पात्यावर, मुठीजवळच्या सपाट जागेवर, स्वतःचं नाव आणि पत्ता कोरून द्यायचा. पातं घडवणारा बर्मिंगहॅममध्ये किंवा जर्मनीतल्या झोलिंगेनमध्ये. घडवणाऱ्याचं नाव आलंच तर पाठीवर, ठशाने, कुणाच्या नजरेत न येईल असं. तुमच्या घरी दुकानदाराचं नाव घासून गेलं आणि कारागिराचं उरलं. मला याचा मनापासून आनंद आहे.

तीन दांड्यांची मूठ १८२१ च्या नमुन्याची, हलक्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांची. तोफखान्याच्या अधिकाऱ्यांनीही तीच घेतली. पायदळवाल्याची मूठ पितळी आणि जाळीदार असते आणि पातं साडेबत्तीस इंचाच्या आसपास. तुमच्या पात्याच्या नक्षीत तोफ दिसते का बघा.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. हे लिहिताना मला जड जातंय. ‘व्ही आर’ म्हणजे राणी व्हिक्टोरिया. ती गादीवर आली १८३७ मध्ये. मूठ १८५३ नंतरची. ही तलवार थाळनेरला असू शकत नाही. तेव्हा ती घडलेलीच नव्हती.

बोरीकाठचा

तोफ नाही. मुकुट, ती दोन अक्षरं आणि वेलबुट्टी, एवढंच.

तुमचं उत्तर काल रात्री तीनदा वाचलं. पटलं. पण आप्पांना काय सांगू ते सुचत नाहीये. या तलवारीवर आमच्या घराचा मान उभा आहे. लग्नात नवरदेवाच्या हातात हीच असते. वडिलांच्या हातात होती, माझ्याही होती.

शिरपूरची_लेक

दादा, थाळनेर आमच्यापासून जवळच. तापीकाठी किल्ल्याचे बुरूज अजून उभे आहेत, दरवर्षी थोडे थोडे नदीत जातात. लढाई खरीच झाली होती. फेब्रुवारी १८१८ मध्ये सर थॉमस हिस्लॉपची फौज आली, दरवाजात झटापट झाली, इंग्रजांचे अधिकारी मारले गेले, आणि मग किल्ल्यातल्या लोकांची कत्तल झाली. किल्लेदार तुळशीराम याला फाशी दिली. आमच्याकडची जुनी माणसं अजून हळहळतात. तुमचे पूर्वज तिथे नव्हते असं तलवारीवरून म्हणता येत नाही. ही तलवार तिथली नाही, एवढंच तिच्यावरून कळतं.

सातपुडा_पायथा

मी चोपड्याकडचा, भिल्ल समाजातला. इथे लिहायला थोडा बिचकत होतो, पण हा विषय माझ्या जवळचा आहे.

१८५३ नंतरची तलवार म्हटल्यावर माझ्या मनात दोन गोष्टी येतात. पहिली धरणगाव. जेम्स आउटरामने १८२५ मध्ये खानदेश भिल्ल पलटण उभी केली, तिचं ठाणं धरणगावला. पुढे कित्येक दशकं तिथे गोरे अधिकारी राहिले. अमळनेरहून धरणगाव किती लांब? बैलगाडीने दिवसाचा रस्ता.

दुसरी गोष्ट आंबापाणीची. ११ एप्रिल १८५८. खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांचे भिल्ल सातपुड्यात इंग्रजांशी लढले. खाज्या नाईक आधी सेंधवा घाटाच्या रखवालीवर सरकारच्याच चाकरीत होता. लढाईनंतर पकडलेल्या माणसांना तिथेच गोळ्या घातल्या. बायकांनाही कैद केलं. आमच्या घरी या लढाईची तलवार नाही, बंदूक नाही, काहीच नाही. फक्त आजी गायची ते गाणं होतं, तेही अर्धंच आठवतं.

म्हणून दादा, तुमची तलवार कुठल्या बाजूची हे मला माहीत नाही, पण ती त्याच काळातली आहे. नीट सांभाळा.

पाचोरा१९

किती येतील? माझ्या ओळखीचा एक घेणारा आहे, बाहेर पाठवतो.

वकील_जळगाव

पाचोरा१९, सार्वजनिक जागी असं लिहू नका. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला १९७२ चा पुरावशेष कायदा लागतो. अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि पुरावशेष विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो.

बोरीकाठचा, तुम्हालाही एक सांगतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या यादीत तलवारीचं नाव आहे. पूजेची, वारशाची तलवार घरात असणं वेगळं आणि ती मिरवणुकीत उघडी नाचवणं वेगळं. वर तुम्ही लग्नाचं लिहिलंत म्हणून बोलतोय. फोटो, मापं, घरातल्या कोणाकडून कोणाकडे आली याचा एक कागद करा आणि तुमच्या पोलीस ठाण्यात लेखी कळवून पोच घ्या. वरातीआधी तर नक्कीच विचारा.

बोरीकाठचा

धन्यवाद वकीलसाहेब. आणि पाचोरा१९, विकायची नाहीच.

जुनं_लोखंड, आणखी एक विचारतो. धारेवर सात-आठ खाचा आहेत. आप्पा म्हणतात त्या लढाईच्या. आणि मुठीजवळचा मजकूर इतका कसा घासला जाईल? बाकी पातं तर शाबूत आहे.

जुनं_लोखंड

खाचांचे जवळून फोटो टाका. विलायती अधिकाऱ्याची तलवार दुकानातून बोथट यायची, मोहिमेवर निघाला की धार लावून घ्यायचा. तुमच्या पात्याच्या टोकाकडच्या भागाला धार आहे असं फोटोत वाटतं. म्हणजे ती नुसती कवायतीची राहिली नव्हती, कुणीतरी ती वापरायच्या तयारीने धार लावून घेतली होती.

धार या गोष्टीवरून आठवलं. इंग्रज घोडदळातला नोलान नावाचा कॅप्टन हिंदुस्थानात असताना निजामाच्या स्वारांचे घाव बघून चकित झाला. त्याने चौकशी केली तर कळलं, पाती इंग्रजांनीच टाकून दिलेली जुनी होती. फरक एवढाच की स्वार ती लाकडी म्यानात ठेवायचे आणि गरज नसेल तेव्हा उपसायचे नाहीत. इंग्रजांचं म्यान लोखंडी, आत-बाहेर करतानाच धार मरायची. तुमचं म्यानही लोखंडीच आहे, तेव्हा तलवार त्यात ठेवू नका. वेगळी ठेवा.

मजकूर कसा घासला जातो ते तुम्हीच शोधा. घरात पात्याची सफाई कोण करायचं आणि कशाने?

बोरीकाठचा

आईला विचारलं. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी विटकरीचा भुगा आणि चिंच. आजी करायची, तिच्या आधी पणजी. मुठीजवळ हळदीकुंकू जास्त साचायचं म्हणून तिथे जास्त घासायचं. दोन वर्षांपूर्वी मीही घासली होती, पॉलिश पेपरने. मनापासून केलं होतं, चकाकावी म्हणून. आता त्या जागेवर बोट फिरवलं की वाईट वाटतं.

तापीमाय

भाऊ, घासू नको आते. मन्ही सासू बी असंच करे. आमना घरनी कट्यारवरनी बठ्ठी नक्षी गयी. पूजा करनी तर दुरून कर, हयद-कुकू पाटवर वाहा, लोखंडले लावू नको. देवले चालस.

जुनं_लोखंड

तापीमायंनी जे सांगितलं त्यावर मला एवढंच घालायचं आहे. हळदीकुंकू ओलावा धरून ठेवतं आणि खाली गंज खड्डे पाडतो. पात्यावरचा काळपट-तपकिरी थर घाण समजून काढू नका. लाल, बोटाला लागणारा गंज असेल तेवढाच मऊ कापडाने आणि शिलाई मशिनच्या तेलाने हळूहळू उतरवा. एका बसणीत नाही, आठवडाभर. मग कोरड्या कापडाने पुसून तेलाचा पातळ हात. मुठीच्या कातड्याला तेल लावू नका, ते फुगून सुटतं. पात्याला उघड्या बोटांनी धरू नका, घामाचे ठसे दोन दिवसांत गंजतात.

आणि वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या पणजीने घासली नसती तर कदाचित ती खुंटीवरच गंजून गेली असती. दीडशे वर्षांत तिला रोज नाही, पण वर्षातून एकदा तरी कुणीतरी हातात घेतलं.

फोटो पाहिले. खाचा उथळ आहेत, सगळ्या एकाच बाजूने तिरक्या. पोलादावर पोलाद आदळलं की खाच अरुंद आणि खोल पडते, कडेला धातू वर उचलला जातो. या तशा नाहीत. काहीतरी लाकूडफाटा तोडलाय.

बोरीकाठचा

आज आप्पांशी बसून बोललो. घाबरत घाबरत सगळं सांगितलं, राणीची अक्षरं दाखवली, १८५३ सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, खाचा त्यांच्या हातच्या आहेत. बाहत्तरच्या दुष्काळात गुरांना काही उरलं नाही, तेव्हा बांधावरच्या बाभळीच्या फांद्या आणि निवडुंग तोडायला कोयता मिळेना, म्हणून एका रात्री देवाची क्षमा मागून ही तलवार घेऊन गेले होते. पन्नास वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. दोन बैल वाचले, असं म्हणाले.

मी त्यांच्यासमोर रडलो हे इथे लिहायला हरकत नाही.

आणि मग त्यांनी मला माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतून एक गुंडाळी काढून दिली. मोडीत आहे. त्यांना वाचता येत नाही, पण तलवारीबरोबरची आहे असं त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं. फोटो जोडतोय. कोणी मोडी वाचतं का?

मोडीवाचक

वाचतो. अक्षर कचेरीतल्या कारकुनाचं वाटतं, घाईचं पण सरावाचं. दुसऱ्या ओळीत घडी फाटली आहे, तिथले तीन-चार शब्द गेले आहेत. जेवढं लागलं तेवढं देतो:

‘... शके १७८४ ... मौजे धरणगांव मुक्कामी मयत साहेबाचे सामानाचा लिलांव जाहला त्यांत तरवार विलायती सुमार १ म्यानसुधां ... रुपये ९ ... भरून घेतली.’

खाली सही नाही, एक निशाणी आहे. नांगर काढलाय.

शके १७८४ म्हणजे १८६२-६३.

सातपुडा_पायथा

धरणगाव!

जुनं_लोखंड

माझ्या अंगावर काटा आला. सगळं जुळतं. छावणीत एखादा अधिकारी वारला की त्याचं सामान तिथेच लिलावात काढायची इंग्रज फौजेत रीतच होती. घोडा, खोगीर, कपडे, पुस्तकं, तलवार. आलेले पैसे हिशेब करून त्याच्या घरी जायचे. बोली बहुतेक त्याचे सोबतीच लावायचे, पण गावकऱ्यानेही लावलेली दिसते.

नक्षीत पलटणीचं नाव का नाही, तेही यावरून थोडं उलगडतं. नियमित घोडदळाचा अधिकारी असता तर बहुधा पलटणीचं चिन्ह कोरून घेतलं असतं. जिल्ह्यातल्या पलटणींचे अधिकारी मूठ आपल्या पसंतीची घ्यायचे, आणि इथे तुटणार नाही अशी मूठ हवी होती. ज्याने ही निवडली तो माणूस विचार करून खरेदी करणारा होता.

नऊ रुपये त्या काळी लहान रक्कम नव्हती.

शिरपूरची_लेक

दादा, ती नांगराची निशाणी तुमच्या खापरपणजोबांची असणार. ज्यांना सही येत नसे ते शेतकरी नांगर काढायचे. हिसकावून आणली की विकत आणली, हे मला आता महत्त्वाचं वाटत नाही. त्यांच्या हातचं काहीतरी कागदावर सापडलं.

तापीमाय

तो कागद देवघरमा ठेव भाऊ. पण काचमा, उदबत्तीना धूर लागू देऊ नको.

मोडीवाचक

कागद लॅमिनेट मात्र करू नका, कळकळीने सांगतो. घडीवर घडी घालू नका, चिकटपट्टी लावू नका. शक्य असेल तर धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात घेऊन जा. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या शेवटी धुळ्यातच वारले, त्यांनी जमवलेल्या कागदांसाठी पुढच्याच वर्षी ही संस्था उभी राहिली. जुने कागद कसे हाताळायचे ते तिथे प्रत्यक्ष पाहता येईल. मूळ कागद देऊन टाकायची गरज नाही, प्रत करून घ्या.

आणि मागच्या बाजूचाही फोटो टाका. फाटलेल्या घडीतले शब्द कधी कधी शाईच्या उलट ठशात सापडतात.

बोरीकाठचा

मागची बाजू टाकली आहे. सोमवारी आप्पांना घेऊन धुळ्याला जातोय. तलवार घरीच ठेवतोय, फक्त कागद आणि फोटो. पोलीस ठाण्यात अर्ज दिला, पोच मिळाली.

आप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी ‘नऊ रुपये’ दोनदा विचारलं. मग म्हणाले, त्या साली कापसाला भाव होता, अमेरिकेत लढाई चालू होती म्हणून. बापाने त्यांना तेवढं सांगितलेलं होतं, की खापरपणजोबांनी कापसाच्या पैशात घराचा मधला खण बांधला. तलवारही त्याच पैशाची असेल.

तो खण आम्ही मागच्या महिन्यात उतरवला. सागाचे सरे अजून अंगणात पडले आहेत. विकायचे ठरले होते. आता ठेवतोय.

मोडीवाचक

मागच्या बाजूचा फोटो आरशात धरून पाहिला. फाटलेल्या जागी एक शब्द लागतो: ‘कप्तान’. त्यापुढचं नाव अर्धं आहे, दोन अक्षरं. धुळ्याला भिंगाखाली बघा, मीही येतो सोमवारी. कितीला पोचताय?

बोरीकाठचा

अकरापर्यंत. एस.टी. स्टँडवर थांबतो.